शुश्रूषा करणाऱ्याचा वाटा



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वर्षावासाच्या या तीन महिन्यांत किती उपासक आले, किती उपासिका शुभ्र वस्त्रे नेसून बसल्या, खीरदान कोणी केले, याची मोजदाद आपण मोठ्या हौसेने करतो. ती अवश्य करावी. परंतु जे आले नाहीत त्यांची मोजदाद कोण करतो?

आमच्या मेहरूणमध्ये तलावाच्या बाजूच्या कोणत्याही गल्लीतून संध्याकाळी चालत जा. विहारातून बुद्धवंदनेचा आवाज येत असतो आणि त्याच वेळी एखाद्या घरात एक बाई लकवा झालेल्या सासूला कुशीवर वळवीत असते. दुसऱ्या घरात एक माय जन्मापासून अपंग असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला घास भरवीत असते. तिसऱ्या घरात नववीतली मुलगी आजोबांचे भांडे धूत असते. वंदनेचा आवाज त्यांच्या कानी पडतो, पण त्या विहारात येऊ शकत नाहीत. ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, त्या तेथे नसतात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर नसतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नसतात. वर्षानुवर्षे नसतात. आणि का आल्या नाहीत असे कोणी विचारले, तर आपण म्हणतो, "तिच्या घरी दुखणे आहे ना!" एवढे बोलून आपण मोकळे होतो. त्या मोकळ्या होत नाहीत.

आज मला त्यांच्याविषयी तुमच्याशी बोलावयाचे आहे. हा विषय बायकांच्या गप्पांचा आहे, यात धम्म कोठून आला, असे कोणास वाटत असेल तर त्याने विनयपिटक उघडून पाहावे. तथागतांनी या विषयावर नुसता उपदेश केला नाही. त्यांनी स्वतःचे हात घाणीत घातले आणि मग नियम केला.

तथागत एकदा आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंची निवासस्थाने पाहत चालले होते. एका ठिकाणी पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडलेला त्यांना दिसला. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय? तो म्हणाला, कोणी नाही. का नाही, असे विचारता त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

वाचकहो, या उत्तराजवळ क्षणभर थांबा. जो उपयोगाचा नाही त्याच्याकडे कोण पाहणार, हा व्यवहाराचा नियम त्या काळीही होता आणि आजही आहे. तथागतांनी तो नियम तेथेच मोडला. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. तथागतांनी डोके धरले, आनंदाने पाय धरले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी भिक्खुसंघाला एकत्र केले आणि सांगितले की, तुमची शुश्रूषा करावयास येथे तुमचे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावयाची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. विहारात सांगितली जाते, शाळेच्या गोष्टीच्या पुस्तकात येते. पण कथेनंतर काय झाले ते आपण सांगत नाही. तथागतांनी त्या भिक्खूची सेवा आनंदाच्या गळ्यात कायमची बांधली नाही. आनंद तर त्यांचा सर्वांत जवळचा, आज्ञाधारक आणि मनाने कोमल असा सेवक होता. आपल्या घरात असता तर आपण म्हटले असते, "आनंदालाच जमते ते, दुसऱ्याला जमत नाही." तथागतांनी तसे म्हटले नाही. त्यांनी जबाबदारीची रांग लावली. गुरू असेल तर गुरूने करावी, शिष्य असेल तर शिष्याने करावी, सोबत राहणारा असेल तर त्याने करावी. यांपैकी कोणी नसेल तर सबंध संघाने करावी, आणि संघाने केली नाही तर तो संघाचा दोष समजावा. लक्षात घ्या, येथे गुरूदेखील शिष्याचे मलमूत्र काढतो. मोठा-लहान हा भेद आजारपणाच्या खोलीबाहेर ठेवावयाचा आहे.

आता आपण आपल्या घराकडे येऊ. आपल्या घरात जबाबदारीची रांग कशी लागते? सून असेल तर सून, सून नसेल तर लेक, लेक सासरी गेली असेल तर नात. मुलगा रांगेत नाही. तो औषध आणतो, रिक्षा आणतो, पाहुण्यांना दुखण्याची हकीकत सांगतो. अंथरूण बदलावयाची वेळ आली की तो ओट्यावर जाऊन बसतो. महामंगल सुत्तात आईवडिलांची सेवा हे उत्तम मंगल म्हटले आहे आणि ते सुत्त आपण प्रत्येक शुभकार्यात हात जोडून म्हणतो. ते म्हणणारा पुरुष आणि ते मंगल प्रत्यक्ष करणारी स्त्री, अशी वाटणी कोणत्या सुत्तात आहे? सिगालोवाद सुत्तात आईवडिलांविषयीची पाच कर्तव्ये तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण पुरुषाला सांगितली. त्याच्या बायकोकडे निरोप धाडला नाही.

घरातली वेठ

शाळेच्या प्रवेश-अर्जात पालकांच्या व्यवसायाचा रकाना असतो. बापाचा व्यवसाय लिहून झाला की मी समोरच्या माउलीला विचारतो, तुम्ही काय काम करता? उत्तर ठरलेले असते : "काहीच नही, घरमाच ऱ्हास." जी बाई पहाटे पाचला उठून आजाऱ्याचे अंग पुसून, स्वयंपाक करून, पाणी भरून शाळेत आलेली असते, ती स्वतःच्या तोंडाने सांगते की मी काही करीत नाही. हे तिला कोणी शिकविले?

सरकारनेही तेच शिकविले आहे. जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना काम न करणाऱ्यांत होते. २००१ च्या जनगणनेत तिला भिकारी आणि कैदी यांच्याच गटात टाकले होते, यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अग्रवाल यांच्या खटल्यात कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. मात्र केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी केली, तेव्हा निराळे चित्र दिसले. १५ ते ५९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ४१ स्त्रिया घरातली मुले, आजारी आणि वृद्ध यांची काळजी घेताना आढळल्या, पुरुष १०० पैकी सुमारे २१. हे काम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला १४० मिनिटे जातात, पुरुषाची ७४. स्वयंपाक, धुणे, झाडलोट हे घरकाम निराळे. ते करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला ३०५ मिनिटे जातात. ज्या बाईवर दोन्ही कामे आहेत तिचा दिवस काय झाला, तो हिशेब तुम्हीच करा. आणि ही सरासरी आहे. अंथरुणाला खिळलेले माणूस ज्या घरात आहे तेथे मिनिटे मोजण्यात अर्थ नाही, तेथे रात्रही कामाचीच असते.

आता पैशाचा हिशेब मांडू. मेहरूणच्या पलीकडे औद्योगिक वसाहत आहे. डाळ मिल आहेत, चटईचे कारखाने आहेत. आपल्या कितीतरी भगिनी तेथे कामाला जातात. समजा, एका बाईला रोज ३०० रुपये मजुरी मिळते आणि महिन्याचे २५ दिवस काम मिळते. सासूला लकवा झाला आणि तिला घरी बसावे लागले, तर वर्षाला ९०,००० रुपये गेले. दुखणे सहा वर्षे चालले तर ५,४०,००० रुपये गेले. हे पैसे कोठे गेले? चोरीला गेले नाहीत, जुगारात गेले नाहीत. ते त्या घराने सासूच्या शुश्रूषेवर खर्च केले, परंतु खर्च एकट्या बाईच्या खात्यावर पडला. सहा वर्षांनी ती पुन्हा कारखान्याच्या दाराशी गेली तर तिच्या जागी दुसरी असते. तिची कंबर गेलेली असते. तिच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी, ना बचत. म्हातारपणी ती स्वतः दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा सुनेच्या, दयेवर येते. असे हे दारिद्र्य सासूकडून सुनेकडे वारसाहक्काने उतरते.

आणि मुलीच्या बाबतीत हा वारसा फार लवकर सुरू होतो. हजेरीपटावर सलग पंधरा दिवस गैरहजेरीची खूण पडली की मला कारण विचारावे लागत नाही. मुलगा असला तर तो कामाला लागलेला असतो, मुलगी असली तर घरी कोणीतरी आजारी असते. २०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर होते, तर देशाचे सुमारे ७३ टक्के होते. आपल्याला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी जी मुलगी दहावीच्या आधीच बसते, ती या अभिमानाची किंमत चुकती करीत असते. माझ्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हाती आला. सत्कारात लोक म्हणाले, बापाने कष्ट केले, पोराने चीज केले. ते खरेच होते. पण आजी चार वर्षे अंथरुणावर होती आणि त्या चार वर्षांत माझी थोरली बहीण सातवीतून घरी बसली होती, म्हणून घरातले दुसरे मूल पुस्तक घेऊन बसू शकले. त्या पदवीच्या गुणपत्रिकेत तिचे गुण किती धरावयाचे, हे कोणत्याही विद्यापीठाने सांगितलेले नाही.

बंधूंनो, आपल्या समाजाला असले काम नवे नाही. बिनमोल काम, ज्याला वेळ नाही, सुट्टी नाही, नकार नाही, त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या भाषेत वेठ म्हणत. महार वतनाचे स्वरूप काय होते? गावाने हाक मारली की रात्री-बेरात्री जावयाचे. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला जुंपावयाचे. मोबदला म्हणून मूठभर बलुते आणि जमिनीचा तुकडा. आणि वर नाव काय, तर 'हक्क', 'मान'! परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यातलेच काही लोक म्हणत होते की वतन गेले तर मान जाईल. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तो मान नव्हता, ती साखळी होती.

आता प्रामाणिकपणे सांगा. गावाची वेठ आपण टाकली, ती घरात आणली नाही काय? हाक मारली की जावयाचे, नकार नाही, एक नसली तर दुसरीला जुंपावयाचे, मोबदला नाही. आणि वर नाव काय, तर 'सेवा', 'पुण्य', 'सुनेचा धर्म'! गोड नावाखाली फुकट काम कसे दडविले जाते हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळावयास हवे?

आईच्या सेवेला वेठ म्हणता, प्रेमाचे पैसे मागता, असा आक्षेप कोणी घेईल. हा आक्षेप प्रामाणिक असतो म्हणून त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. काम हलके आहे म्हणून ते वेठ होत नाही. तसे असते तर तथागतांनी त्या भिक्खूचे अंग धुतले नसते. प्रेम आहे म्हणून काम वेठ होत नाही, असेही नाही. जनावरावर आणि जमिनीवर वेठकऱ्याचेही प्रेम असे. काम वेठ केव्हा होते? जेव्हा ते एकावरच लादले जाते, त्याला विसावा नसतो आणि त्यात करणाऱ्याचा वाटा नसतो, तेव्हा. या तीन गोष्टी काढून टाका, मग तेच काम मंगल होते. आणि या तिन्ही गोष्टींवर धम्माने उपाय सांगितला आहे.

धम्माने सांगितलेले तीन उपाय

पहिला उपाय वाटणीचा. तो वर आलाच : जबाबदारीची रांग आणि शेवटी सबंध संघ.

दुसरा उपाय विसाव्याचा. सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे याचे पाच नियम आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी नोकराला सुट्टी! मग जी नोकर नाही, घरची माणूस आहे, तिला नोकराहून कमी द्यावयाचे काय? आज शासकीय सेवेतील महिला कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. डाळ मिलमधल्या बाईला तशी रजा नाही आणि घरातल्या सुनेला तर रविवारही नाही.

तिसरा उपाय वाट्याचा, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आजारी भिक्खूची कथा विनयपिटकाच्या महावग्गात जेथे आहे, तिच्या लगेच पुढे दुसरा प्रसंग आहे. एक भिक्खू वारला. त्याचे पात्र आणि चीवर कोणाचे? नियमाने संघाचे. परंतु तथागतांनी सांगितले की, शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार फार मोठे आहेत, म्हणून मृताचे पात्र आणि तीन चीवरे संघाने त्यांना द्यावीत. शुश्रूषा करणाऱ्यांत एखादा श्रामणेर, म्हणजे अजून उपसंपदाही न झालेला पोरगा असेल, तर त्याचे काय? त्यालाही भिक्खूइतकाच वाटा द्यावा, असे तथागतांनी सांगितले. पाहा, वय पाहिले नाही, दर्जा पाहिला नाही. रात्री कोण जागले एवढेच पाहिले.

आणि त्याच महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, काय मानवते व काय बाधते हे कळावे, मलमूत्र वा ओकारी काढताना किळस वाटू नये, धम्माच्या बोलण्याने त्याने आजाऱ्याचे मन उभारावे आणि त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. कोणी म्हणेल, सेवा लोभाने करू नये असे तथागत सांगतात, मग वाटा कसा? उत्तर सोपे आहे. लोभ धरू नये हा नियम सेवा करणाऱ्यासाठी आहे, उपकार विसरू नये हा नियम बाकीच्यांसाठी आहे. आपण पहिला नियम सुनेला पाठ करविला आणि दुसरा स्वतः विसरलो. शुश्रूषकाबरोबर आजाऱ्याचेही पाच गुण तेथे सांगितले आहेत. त्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, दुखणे आहे तसे खरे सांगावे आणि वेदना सोसावी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हेही वाचावे. अंथरुणावर पडल्याने सुनेवर खेकसण्याचा अधिकार मिळत नाही.

याउलट ज्या धर्माचा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याग केला त्याने काय सांगितले? आजार हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, आणि सेवा करणारीचे हालही तिच्या कर्माचेच फळ. एकदा कर्मावर ढकलले की वाटणीचा प्रश्नच उरत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात नाकारला. तरीही अपंग मुलाच्या आईला "तुझ्या नशिबाचे भोग" असे आपल्याच वस्तीतल्या बाया म्हणतात. हे शब्द ज्या दिवशी आपल्या तोंडून जातील त्या दिवशी आपले धर्मांतर आणखी एक पाऊल पुढे जाईल.

श्रावणबाळाची कथाही तशीच. त्याने आईबापांना कावडीत घालून खांद्यावर वाहिले आणि त्यांच्यासाठी पाणी भरताना बाण लागून तो मेला. महाराष्ट्र शासनाची वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. वृद्धाला ती मिळते हे योग्यच आहे आणि ज्यांना मिळत नाही त्यांचे अर्ज आपण भरून दिले पाहिजेत. पण नाव श्रावणाचे आणि श्रावणाला मात्र छदाम नाही! ज्याचा खांदा सोलून निघतो त्याचा रकाना त्या अर्जात नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनीही खांद्याचाच दृष्टांत दिला आहे. एका खांद्यावर आई, दुसऱ्या खांद्यावर बाप घेऊन कोणी शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांच्या मार्गावर आणले तर ते फिटते. म्हणजे नुसते वाहून उपयोग नाही. आईबापांना शीलाच्या मार्गावर आणावयाचे म्हणजे सुनेशी मैत्रीने वागावयास शिकविणेही आलेच.

बाबासाहेबांच्या घरातील माणसे

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहा. लहानपणीच आई भीमाबाई गेल्या. मग भीमाला कोणी सांभाळले? आत्या मीराबाईंनी. त्या पाठीने अधू होत्या, स्वतःच इतरांच्या आधाराला पात्र होत्या, पण त्यांनी भावाची पोरकी मुले वाढविली. आपण बाबासाहेबांच्या गुरुजनांची नावे घेतो, शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांचे नाव घेतो. मीराबाईंचे नाव किती सभांत घेतले जाते? आणि माता रमाई! साहेब अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकत असताना घर त्यांनी ओढले, पाच मुलांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, आणि २७ मे १९३५ रोजी त्याही गेल्या. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंना अर्पण केला. घरातल्या माणसाचा आपल्या विद्येत वाटा आहे हे ज्याला कळले तो असा कृतज्ञ होतो.

पण बाबासाहेब कृतज्ञतेवर थांबले नाहीत, त्यांनी कायदा मागितला. १९२८ साली, म्हणजे वतनाचे विधेयक मांडले त्याच वर्षी, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा आणि त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो म्हणून मालकानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. गावाची वेठ आणि आईच्या श्रमाचा भार या दोन्ही प्रश्नांना त्यांनी एकाच वर्षी हात घातला. दोन्हींतील न्याय एकच होता : ज्याचा लाभ सर्वांना होतो त्याचा भार एकावर असू नये.

हाच न्याय आज जगात पुढे चालला आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२४ साली सांगितले की घरच्या काळजीच्या कामापायी जगातील ७०.८ कोटी स्त्रिया रोजगाराबाहेर राहिल्या आहेत. ब्रिटनने १९७६ साली आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यासाठी भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना वगळले. कारण त्या तशाही घरीच असणार! आईची शुश्रूषा करणारी जॅकलिन ड्रेक नावाची एक विवाहित स्त्री त्याविरुद्ध लढली आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयात जिंकली. केरळने २०१० साली अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसासाठी 'आश्वासकिरणम्' योजना सुरू केली. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना सतत आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी शुश्रूषा-भत्त्याची तरतूद आहे. ती महाराष्ट्रात प्रत्येक घरापर्यंत पोहोचावी म्हणून मागणी करणे हे आपले काम आहे. न्यायालयांनीही गृहिणीच्या श्रमाचे मोल मान्य केले आहे. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते महिना ३,००० रुपये धरले आणि जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा सांगितले की घरकाम करणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न धरलेच पाहिजे. पण हे खटले कशाचे होते? दुर्घटनेत मेलेल्या माणसांच्या नुकसानभरपाईचे. बाई जिवंत आहे तोवर 'काहीच करत नाही' आणि मेल्यावर तिच्या श्रमाचे मोल निघते. तिचे मोल तिच्या हयातीत करावयास आपल्याला कोणत्या न्यायालयाची वाट पाहावयाची आहे?

आपण काय करावे

आपण गरीब माणसे. परिचारिका ठेवावयास पैसे नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून बिनपैशाच्या गोष्टी आधी सांगतो.

एक. ज्या घरात दीर्घ आजाराचे माणूस आहे त्या घरांची यादी प्रत्येक विहाराने करावी. वर्षावासात ग्रंथवाचनाच्या पाळ्या आपण लावतो, तशाच त्या घरी दोन तास बसण्याच्या पाळ्या लावाव्यात. त्या दोन तासांत घरच्या बाईने विहारात यावे, बाजारात जावे किंवा नुसते झोपावे. कोठे गेली हे कोणी विचारू नये.

दोन. मुलाने आईबापाचे अंग पुसावयास शिकावे. तथागतांच्या हातांना जे काम चालले ते आपल्या हातांना चालू नये असे आपले हात कोण लागून गेले?

तीन. जो भाऊ पुण्या-मुंबईला नोकरीला आहे त्याने सणाला येऊन आईच्या पाया पडण्याआधी हिशेब विचारावा. शुश्रूषेमुळे वहिनीची मजुरी किती बुडाली? त्यातला आपला हिस्सा त्याने दरमहा पाठवावा, आणि तो वहिनीच्या बँकखात्यात पाठवावा.

चार. आजारपणासाठी मुलीची शाळा सोडवू नये. अडचण असेल तर शिक्षकाला सांगा. आम्ही घरी अभ्यास पाठवू, पाळीला माणूस शोधू. शाळा सुटली की ती परत धरता येत नाही.

पाच. घरातले वृद्ध माणूस गेल्यावर आपण जलदानविधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो. जेवणावळ घालतो, फोटो छापतो. त्या दिवशी सर्व नातेवाईक जमलेले असतात. त्या सर्वांसमोर शुश्रूषा करणाऱ्याचा वाटा जाहीर करावा. जमिनीचा तुकडा असेल, घराची खोली असेल, गळ्यातली पोत असेल, ठेवीची पावती असेल. काहीच नसेल तर जेवणाचे एक पान कमी करून तो पैसा तिच्या हाती द्यावा. मागण्याची पाळी तिच्यावर आणू नये. तथागतांनी पात्र-चीवराचा जो नियम घालून दिला तो हाच. आपण गृहस्थ आहोत, आपले पात्र-चीवर म्हणजे आपले घरदार.

आणि ज्या भगिनी हे वाचावयासही मोकळ्या नाहीत, ज्यांना दुसरे कोणीतरी हे वाचून दाखवील, त्यांना नकुलमातेची हकीकत सांगतो. तिचा पती नकुलपिता फार आजारी पडला. त्याला एक चिंता जाळीत होती : माझ्यामागे घराचे काय? ती त्याला म्हणाली, ही चिंता घेऊन मरू नका. मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोसीन आणि घर चालवीन. त्या शब्दांनीच तो बरा झाला आणि काठी टेकीत तथागतांच्या दर्शनाला गेला. तथागतांनी त्याला सांगितले की, अशी हितचिंतक पत्नी तुला लाभली हा तुझा मोठा लाभ आहे. भगिनींनो, या कथेत मला सर्वांत मोठे वाटते ते हे : नकुलमाता शुश्रूषा करीत होती, पण तिच्या हातात विद्या होती आणि ती विद्या ती विसरली नव्हती. कापूस तर आपल्या खानदेशाचाच. तुमच्या हातात जे कसब आहे, शिवण असो, शाळा असो, कारखान्यातले काम असो, ते आजाऱ्याच्या उशाशी बसूनही सोडू नका. ते टिकविण्यासाठी वेळ मागणे हा स्वार्थ नव्हे. आणि यापुढे अर्जातल्या रकान्यात "काहीच नाही" असे सांगू नका. शुश्रूषा करते, असे सांगा. लिहून घेणारा लिहून घेईल.

उपासकहो, या लेखाने कोणाचे घर बदलणार नाही. घर बदलेल ते आज रात्री तुमच्यापैकी कोणी उठून म्हणेल तेव्हा : "तू झोप, आज मी जागतो."

नमो बुद्धाय! जयभीम!